एका टाक्याचा अभ्रा

माझ्या थोरल्या बहिणीला, सरूला, जुळं झालं ते १९९८ साल. ती बाळंतपणाला आमच्याकडे हडपसरला आली होती आणि गच्चीवरची एक दोरी कायम दुपट्यांनी भरलेली असायची. बाकीच्या दोऱ्यांवर आमचा धंदा वाळायचा. तीन हॉटेलांच्या आणि एका नव्या कॉम्प्युटर कंपनीच्या गेस्टहाउसच्या पांढऱ्या चादरी. त्या उन्हाळ्यात बोअर आटलं आणि सगळं टँकरच्या मर्जीवर आलं.

एका दुपारी मी खंगाळलेल्या पाण्याची बादली मागच्या दारातून बाहेर फेकली. बाहेर एक माणूस उभा होता.

तो गुडघ्यापर्यंत भिजला. बॅग तेवढी त्याने वेळेवर वर उचलली.

"दार वाजवायचं ना अहो," मी म्हणाले. चूक माझी होती, म्हणून आवाज चढा होता.

"वाजवणारच होतो." त्याने पँटकडे पाहिलं. "हे पाणी फेकू नका, एवढंच सांगायला आलो होतो."

मला हसू आलं. ते लपवायला मी त्याच्या कॉलरकडे पाहिलं. "कांजी जास्त झालीय. मान कापेल."

"कांजी लावत नाही मी."

"मग?"

"आपोआपच होते अशी…" तो म्हणाला आणि विषय बदलला.

त्याचं नाव उत्तरेश्वर, गाव लातूरकडचं. गोष्ट लग्नाआधी सुरू होते, म्हणून इथे ‘तो’च म्हणते. धुतलेलं पाणी गाळून पुन्हा वापरता येईल असं यंत्र त्याची कंपनी विकत होती. त्याने मला एक पत्रक दिलं.

"शेवटपर्यंत वाचा हं. शेवटचं पान महत्त्वाचं आहे."

"वाचते की," मी म्हणाले.

मला वाचता येत नव्हतं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. शाळा सुटली आणि हात हौदात गेले, ते तिथेच राहिले. सव्वीस वर्षांची झाले तरी हे मी बाहेरच्या कुणाला कळू दिलं नव्हतं. लाँड्रीत त्याची गरजही पडत नसे. आमच्याकडे कपड्यावर नाव लिहीत नाहीत, कोपऱ्यात लाल दोऱ्याचे टाके घालतात. एक उभा, दोन आडवे, एक फुली… चारशे गिऱ्हाइकं मी टाक्यांवरून ओळखायची. पत्रकावर मात्र एकही टाका नव्हता. मी चित्रं पाहिली आणि ते कपाटात ठेवलं.

बाबांनी, म्हणजे महिपती परटांनी, गावाकडचा जमिनीचा तुकडा यंत्रासाठीच विकला होता. यंत्र एकदाच घेता येणार होतं. हॉटेलच्या मॅनेजरने आधीच बजावलं होतं, चादर मळकट दिसली तर दुसरा परीट बघू. तीन कंपन्या आल्या, तिघांचं बोलणं गोड.

"गोड बोलण्यानं डाग निघत न्हाई," बाबा म्हणाले. "आपलं पाणी घेऊन जावा, गाळून आणा. कापड काय ते सांगंल."

तीन नवे अभ्रे घेतले. उत्तरेश्वरच्या पाण्यात धुवायच्या अभ्र्याला मी एक टाका घातला, दुसऱ्या कंपनीच्याला दोन, तिसऱ्याला तीन. सात धुण्यांनंतर निकाल.

बाकीच्या कंपन्या कॅन टेंपोने पाठवायच्या. उत्तरेश्वर मात्र स्वतः घेऊन यायचा.

"तुमच्याकडे हमाल नाहीत वाटतं?" मी एकदा विचारलं.

"आहेत. पण त्यांना इथला चहा आवडत नाही."

"तुम्हाला तरी कुठे विचारलाय?"

"तीन आठवडे वाट बघतोय."

मी चहा केला. साखर दोनदा पडली. तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि जाताना म्हणाला, "एवढं मोठं नाव माझं, तुमच्या कपड्यावर कसं मावायचं?"

"एका टाक्यात मावलंय," मी म्हणाले… आणि आत पळाले.

सातवं धुणं झालं. गच्चीवर तिन्ही अभ्रे वाळले. मी हात फिरवला. दोन टाक्यांचा अभ्रा मऊ, दुधासारखा. तीन टाक्यांचा बरा. एका टाक्याचा कडक, राखेची झाक मारणारा.

मी कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. खाली सरूची बाळं रडत होती. आता तो येणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चादरी, जमीन, बाबांची चाळीस वर्षं, यातलं काही आठवलं नाही. हे लिहितानाही कान तापतात. मी सुई आणली. मऊ अभ्र्याचा एक टाका उसवला, कडक अभ्र्यात एक वाढवला. दोन मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी बाबांनी उत्तरेश्वरला बोलावून अभ्रे पुढे टाकले. "घ्या, तुमचं पाणी जिंकलं."

मी इस्त्रीच्या टेबलाशी पाठ करून उभी होते. मी वळून पाहिलं. उत्तरेश्वर एका टाक्याचा अभ्रा दोन बोटांत चोळत होता.

"हा आमचा नाही," तो म्हणाला.

"टाका एकच हाय की त्याच्यावर."

"असेल. पण आमच्या पाण्याचा कपडा इतका मऊ होत नाही, काका. पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात क्षार राहतो. माझे सदरे मी त्याच पाण्यात धुतो. ही कॉलर बघा." मग त्याने कडक अभ्रा उचलला. "आमचा हा."

"असं बोललास तर ऑर्डर जाईल."

"जाईल."

"नोकरी?"

"तीही जाईल बहुतेक."

बाबांनी त्याच्यापुढे कागद ठेवला. "लिहून दे."

त्याने लिहून सही केली. मग बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुशे, सात पाण्यात दोरा फिका पडतो. ह्याचा एक टाका फिका अन् एक लालभडक. दुसऱ्यात उसवल्याची भोकं दिसत्यात. मला कालच दिसलं. परटाची पोरगी ना तू?"

रागावले असते तर बरं झालं असतं. कागद घडी करून खिशात घातला आणि ते टँकर बघायला बाहेर गेले.

गरम इस्त्री तशीच हातात धरून मी उभी होते.

"ठेवा ती खाली. भाजेल." उत्तरेश्वरने ती माझ्या हातातून काढून घेतली. "का केलंत?"

"तुम्ही पुन्हा आला नसता…"

त्याने इस्त्री स्टँडवर ठेवली. मी विचारलं, "आणि तुम्ही का बोललात?"

"चादरी काळवंडल्या असत्या. प्रत्येक चादर बघून तुम्हाला मी आठवलो असतो. तसं आठवायचं नव्हतं मला." मग हळूच म्हणाला, "पण क्षाराचं पत्रकात होतं ना… शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. म्हणून तर शेवटपर्यंत वाचा म्हणालो होतो."

आता दुसरी लाज. दोऱ्याची परवडली, ही छातीवर धोंड्यासारखी होती.

"मला वाचता येत नाही," मी म्हणाले.

मला वाटलं, हसेल. किंवा कीव करेल, ते तर आणखी वाईट. त्याने कडक अभ्रा उलटून कोपरा पाहिला.

"मला टाके वाचता येत नाहीत. तुम्ही ते शिकवा, मी अक्षरं शिकवतो."

"रोज यावं लागेल."

"नोकरी गेल्यावर दुसरं काम काय आहे मला?"

नोकरी पंधरा दिवसांत गेली. आम्ही दोन टाक्यांच्या कंपनीचं यंत्र घेतलं आणि ते सांभाळायला बाबांनी त्यालाच ठेवलं. "खरं बोलणारा माणूस विकायच्या कामाचा न्हाई, ठेवायच्या कामाचा," म्हणाले. पुढच्या वैशाखात आमचं लग्न झालं.

टाके तो महिन्याभरात शिकला. अक्षरं मात्र मी वीस वर्षं टाळली. कधी धुणं, कधी मूल, कधी डोळे दुखतात. त्याच्यासमोर चुकायची लाज वाटायची, आणि त्याने एकदाही आग्रह केला नाही. अखेर शेहेचाळिसाव्या वर्षी मीच पाटी घेऊन त्याच्यापुढे बसले.

बाबांचा तो कागद यंत्राच्या कपाटात होता. एका सकाळी मी तो त्याच्यासमोर बोट ठेवून मोठ्याने वाचला. ‘आमच्या यंत्राच्या पाण्यात क्षार राहतो. पांढऱ्या कपड्यांसाठी हे यंत्र घेऊ नये.’ खाली सही. ‘क्ष’पाशी दोनदा अडले. तो थांबला, सांगितलं नाही.

"माझी एवढी विक्री बुडवणारा कागद," तो म्हणाला, "आणि वाचायला तुला हाच मिळाला?"

"दुसरं तुम्ही मला कधी काही लिहिलंत?"

खरंच, दुसरं काही नव्हतं.

बाबा २००७ च्या माघात गेले. उत्तरेश्वर ११ मार्च २०१९ ला, सोमवारी सकाळी, गेले. हे सगळं त्यांनी शिकवलेल्या अक्षरांतच लिहिलंय.