रूपेश आला की नेट जातं

पैज लागली लाडकीकाकीच्या ओट्यावर, नागलीचे पापड वाळत घालता घालता.

शेजारच्या रविनाचं नेट रोज संध्याकाळी साडेसहाला मान टाकायचं. काकी म्हणाली, बिघाड माणसाचा. रूपेश म्हणाला, मशीनचा. डेपोजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान त्याचं, तो दुसरं काय म्हणणार! मग ठरलं – हरेल त्याने काकीच्या कोंबड्यांचं डालगं डोक्यावर घ्यायचं आणि जव्हारच्या भर बाजारातनं आरवत जायचं.

रूपेशला कोंबड्यांची फिकीर नव्हतीच. रविना घरी बसून ठाण्याच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनीने बजावलं होतं, आता नेट गेलं तर इकडेच येऊन राहा. आणि ती गेली तर... जाऊ दे. ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच.

दुकान लवकर बंद करून तो तिच्या घरी पोचला. तिच्या आईने उंदरांच्या भीतीने राउटर पत्र्याच्या पेटीत ठेवला होता, तो फळीवर आणला. वायर बदलली. रविना बॅटरी धरून इतकी जवळ उभी, की त्याला तीच वायर दोनदा लावावी लागली. साडेसहा वाजले, सात वाजले. नेट ठणठणीत.

"झालं," तो म्हणाला.

"इतक्यात?" म्हणत तिने पुन्हा चहा ठेवला.

छाती फुगवून तो घरी आला. आपला कॉम्प्युटर लावला. समोरच्या खिडकीतून रविनाचा आवाज आला, "गेलं."

त्याने बंद केला. "आलं."

पुन्हा लावला. "गेलं..."

रूपेशने कपाळाला हात लावला. महिन्यामागे तिचा कॉम्प्युटर त्यानेच लावून दिला होता. मग तिच्या आईला विचारून आपलाही त्याच राउटरला जोडला, आणि नेटच्या पत्त्याचे नवे आकडे शोधायचा कंटाळा म्हणून तिचेच जसेच्या तसे उतरवले. एका राउटरमागे दोघांना एकच पत्ता! हा आत आला की ती बाहेर.

त्याने शेवटचा आकडा बदलला. नेट टिकलं. रविना मात्र खिडकीतून हलली नाही.

"पण रोज साडेसहाला लावून करतोस काय?"

"राउटरच्या यादीत नावं दिसतात... कोण कोण जोडलंय त्यांची."

"मग?"

"तुझं बघायचो. दिसायचं – आणि लगेच जायचं."

ती गजाशी चाळा करत म्हणाली, "तुझा दिवा लागला की माझं नेट जातं, हे मला कधीच कळलेलं. बोलले असते, तर तू दिवा लावला नसतास."

खालून काकीने हाळी दिली, "काय रं, मशीन का मानूस?"

मशीन म्हणाला असता तर कोण तपासणार होतं?

"मानूस, काकी. मीच."

बाजाराच्या दिवशी डेपोसमोर अख्खी गर्दी थांबली. डालगं डोक्यावर, आत कोंबड्यांचा कलकलाट, आणि रूपेशला आरवणं काही जमेना. तेवढ्यात डालग्याची दुसरी कड कुणीतरी धरली.

"अर्धी चूक माझी," रविना म्हणाली, आणि त्याच्या आधी तीच आरवली.