सत्तेचाळिसावं मिनिट

वाचून कोणी हसलं तरी चालेल, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. माझी बायको आणि माझी ताई, दोघी साक्षीला आहेत.

फक्त हल्ली त्या दोघी माझ्याशी मोजकंच बोलतात.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पलीकडच्याच गल्लीत राहते. आम्हा दोघांना कॉलेजपासून एकाच बँडचं वेड. त्यांचा शेवटचा कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा पहिल्या रांगेची दोन तिकिटं मी धडपडून मिळवली होती.

आणि नेमका त्याच दिवशी तापाने फणफणलो.

बायको नर्स आहे. तिची दुपारपाळी होती. गोळी देऊन, पांघरूण घालून ती कामावर गेली. ताई एकटीच कार्यक्रमाला गेली.

मी घराबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही.

तीन महिन्यांनी त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. रविवार होता. सकाळचे साडेअकरा. लख्ख ऊन. मी टीव्हीसमोर ठाण मांडलं आणि आवाज वाढवला.

"अरे, भिंती पडतील!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"पडू देत, आपल्या कुठे आहेत? भाड्याच्या आहेत!"

ती हसली. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसणं.

मी प्रत्येक गाण्याबरोबर गात होतो. ड्रमच्या ठेक्यावर मांडीचा तबला चालला होता. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला...

पहिल्या रांगेत ताई. कठड्याला टेकून बेभान नाचत होती.

"अगं, लवकर ये! ताई दिसतेय!"

बायको हात पुसत आली. मी चित्र मागे नेलं. थांबवलं.

ताईच्या खांद्यावर कोणाचा तरी हात होता.

त्या हाताच्या मागे...

मी होतो.

माझा निळा शर्ट. माझं पुढून विरळ झालेलं डोकं. उभं राहताना एक खांदा खाली टाकायची माझी सवय. तो तोंड भरून हसत होता. माझा पुढचा एक दात लहानपणापासून कोपऱ्यात तुटलेला आहे. त्याचे सगळे दात अखंड होते. एकसारखे. साच्यातून नुकत्याच काढलेल्या कवळीसारखे.

आजूबाजूचे सगळे स्टेजकडे बघत होते. तो ताईकडे बघत होता.

घरात एकदम शांतता झाली. नुसती कुकरची वाफ.

"ताप होता ना तुला?" बायकोने विचारलं.

"होता! तूच तर मोजलास!"

"मग हा कोण?"

मी ताईला फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"ताई, त्या कार्यक्रमाला तुझ्या शेजारी कोण होतं?"

ती हळू आवाजात म्हणाली, "बायको जवळ आहे का?"

"आहे. बोल."

"आता कळलंच असेल तर काय लपवायचं? तूच होतास की! मध्येच आलास. म्हणालास, ताप उतरला, राहवलं नाही. पण बायकोला कळू देऊ नकोस, ती घर डोक्यावर घेईल. म्हणून तर मी इतके दिवस विषय काढला नाही."

बायको माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली.

"ताई, आईशपथ, मी आलो नव्हतो."

"चेष्टा पुरे. दोन तास नाचलोय आपण."

"मी काय बोललो? आठवून सांग."

"काही नाही रे. आवाज केवढा होता! हां... एकदा कानाशी येऊन म्हणालास, दार ओढून घेतलं आणि किल्ली आतच राहिली. मग माझ्याकडची जादा किल्ली मागून घेतलीस. आणि संपायच्या आतच निघालास."

मी दाराच्या कुलपाकडे पाहिलं.

"ती किल्ली आता कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? तुझ्याकडेच आहे ना!"

त्या संध्याकाळचं मला एकच आठवत होतं. आठाच्या सुमारास दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला होता. डोळे उघडवत नव्हते. पावलं पलंगापर्यंत आली... आणि थांबली. मला वाटलं, बायको लवकर आली. मी पाणी मागितलं. कोणी पाणी दिलं नाही.

कोणी परत गेल्याचा आवाजही आला नाही.

"मी साडेदहाला आले होते," बायको म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तू जागा होतास. ताप अजिबात नव्हता. मलाच नवल वाटलं होतं."

आम्ही त्याच दुपारी कुलूप बदललं. कपाटं, माळा, पलंगाखालची जागा... सगळं पालथं घातलं. काही गेलेलं नव्हतं. जादा किल्लीही सापडली नाही. ताईने घरी येऊन व्हिडिओ पाहिला. एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे. चहा न घेताच निघून गेली.

आता बायको माझ्याकडे पाठ करून झोपत नाही. तोंड माझ्याकडेच असतं. मध्येच जाग आली, तर तिचे डोळे उघडे दिसतात.

मी तिला लग्नाआधीच्या गोष्टी सांगतो. आमच्या भांडणांच्या, रुसव्याफुगव्यांच्या. तिला खात्री पटावी म्हणून. ती ऐकून घेते. मान डोलावते.

"हे कोणालाही माहीत असू शकतं," असं एकदाच म्हणाली. मी तुटलेला दात दाखवला, तेव्हा म्हणाली, "दात तर तू लॅबमध्ये रोज बनवतोस."

परवा ताईचा वाढदिवस होता. मी फोन केला. ती बोलली, नीट बोलली. तब्येतीची चौकशी केली. सगळं कसं व्यवस्थित.

फोन ठेवताना म्हणाली, "बरं, ठेवते. तुम्ही आठवणीने फोन केलात, छान वाटलं."

जन्मात कधी ताईने मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.