शून्य धरलेला अंदाज

माझ्या प्रबंधात एक आकडा उणे आला, म्हणून शालिकराम मला भेटला. १९७९चा एप्रिल. विद्यापीठाच्या लायब्ररीत कूलरसमोर एकच खुर्ची रिकामी होती, त्याच्या शेजारची. मी कागद पसरले आणि रडकुंडीला आले.

"मापातल्या चुकीचं प्रमाण शून्याच्या खाली कसं जाईल, मॅडम?" तो डोकावून म्हणाला. भोचक कुठला!

उमरेडच्या विणकर घरांतून हिंगण्याच्या कारखान्यांत गेलेली माणसं समाधानी आहेत का, हे मला शोधायचं होतं. समाधान काही तराजूत टाकता येत नाही. पाच प्रश्नांच्या उत्तरांवरून ते ताडायचं. शालिकराम संख्याशास्त्र शिकवायचा. म्हणाला, "बेझ नावाच्या गणितज्ञाची रीत घ्या. आपल्याले जे आधीच ठाऊक आहे, ते गणिताले सांगून टाकायचं. मंग येईल त्या पुराव्यानं गुणत अंदाज बदलायचा."

मग दर शनिवारी आम्ही आकडेमोड करत बसलो. उणे आकडा गेला, प्रबंध मार्गी लागला... आणि मी कामातून गेले. प्रेमात पडले हो, दुसरं काय! तो मात्र गणितापलीकडे अक्षर बोलेना.

जूनमध्ये कामठीची मंडळी येत्या रविवारी मला बघायला येणार, असं घरी ठरलं. मला दम निघेना. बुधवारीच लायब्ररी गाठून त्याला सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला आणि पेन्सिलीला टोक करत राहिला. टोक मोडलं, तरी करतच राहिला.

माझं डोकं फिरलं. "शालिकरामजी, सुटलेलं गणित मी तुम्हाला तिसऱ्यांदा का विचारते? डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी तुमच्याकडेच का सरकवते? एवढ्या पुराव्यावरून काय अंदाज केलात?"

"काहीच नाही... मी शक्यता सुरुवातीलेच शून्य धरली होती. आमच्या घरी अजून माग चालतो. तुमचे वडील वकील."

"शून्याला कशानंही गुणलं तर काय येतं? जन्मभर वड्या आणल्या तरी तुमचा अंदाज हलायचा नाही. आणि वर संख्याशास्त्र शिकवता!"

तो कानापर्यंत लाल झाला. ही चूक विद्यार्थ्यानं केली असती, तर त्यानं वर्गाबाहेर काढलं असतं.

"मंग... हजारात एक धरू?"

"धरा."

ओठांतल्या ओठांत त्यानं सगळी आकडेमोड केली. मग पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे नजर न चुकवता पाहिलं.

"ते लोक रविवारी येतात ना? मी शनिवारीच तुमच्या घरी येतो, आईले घेऊन." तो थांबला. "ती एप्रिलपासून मागावर एक पातळ विणून राहिली... सुनेसाठी म्हणते. मी तिले काहीच सांगितलं नव्हतं. दर शनिवारी मी दाढी करून निघतो, तेवढं पाहूनच ती समजली."