पिवळ्या पट्टीवरचा वळसा

आमच्या कारखान्यात दारांच्या बिजागऱ्या बनतात. प्रेसवर पत्रा कापायचा, कडा घासायच्या, पिना बसवायच्या, मी तपासायचं आणि पॅकिंगला द्यायचं. काम साधं, पण माल कायम उशिरा निघायचा. दादाचं म्हणणं, शेड गोदामासाठी भाड्याने देऊन मोकळे होऊ. मी वर्षअखेरीपर्यंत मुदत मागून घेतली.

रोज थोडी सुधारणा, एवढंच सूत्र धरलं. हत्यारं हाताशी आणली, पत्रा प्रेसजवळ घेतला. मग वायफळ पावलं कुठे जातात ते बघायला खडूने माणसांच्या वाटा जमिनीवर आखू लागले.

पिनांच्या टेबलापासून पॅकिंगपर्यंत जागा मोकळी होती. तरी मध्यावर येताच प्रत्येक जण डावीकडे वळसा घालायचा. मिस्त्री पेटी घेऊन वळायचे, पॅकिंगच्या मावशी रिकाम्या हातानेही वळायच्या. तिथे खांब नव्हता, खड्डा नव्हता, तेलाचा डागही नव्हता.

मिस्त्रींना कारण विचारलं.

"कसला वळसा? मी तर सरळ आलो."

खडूची रेघ दाखवली, तर ती मीच वाकडी काढली असं त्यांचं मत पडलं. लहानपणापासून माझी चित्रकला बेताचीच, हेही ऐकवलं.

मी पिवळी पट्टी सरळ चिकटवली. काही दिवसांत ती पायांनी काळवंडली. मधला तुकडा मात्र नवाकोरा राहिला. मग मी स्वतः त्यावरून चालत गेले. काहीच झालं नाही. पलीकडे पोचल्यावर लक्षात आलं, मी अंग चोरलं होतं.

दादा बघायला आला. किती जागा वाया जातेय, असं सुनावता सुनावता तोही वळला.

दुसऱ्या दिवशी मी तपासणीचं टेबल केबिनमधून काढून नेमकं तिथे मांडलं. माल माझ्या हातून थेट पॅकिंगला जाणार होता. मिस्त्री कुरकुरले.

"मी इथेच बसणार," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "ज्याची हरकत असेल त्याने येऊन मला सांगावं."

कोणी आलं नाही. माल वेळेवर निघू लागला. दादाने भाडेकरूला नकार कळवला.

आज दुपारी मावशी तपासलेला माल न्यायला आल्या आणि टेबलाच्या थोडं अलीकडेच थांबल्या. मी पेटी पुढे सरकवली. त्या हलल्या नाहीत. त्यांच्यामागे मिस्त्री येऊन उभे राहिले, रांग असावी तसे.

"मावशी, घ्या ना."

"घेते की, ताई." आवाज खाली आला. "आधी यांचं होऊ दे."

माझ्यासमोर कोणी नव्हतं.

मी उठले नाही. खुर्ची पुढे ओढली, हातातली बिजागरी खाली ठेवली.

"बोला," मी म्हटलं.

मावशी आणि मिस्त्री, दोघांनीही माना वळवल्या. दुसऱ्याचं खासगी बोलणं कानावर पडू नये म्हणून वळवतात तशा.