दहा हजार किलोमीटर झाले की या

माझी बायको विमल गेली हे कळलं तेव्हा मी शेजारच्या गावात एका बोअरवर पाण्याची टिपाडं भरत होतो. तिला कावीळ झाली होती. पंधरा दिवस अंथरुणावर होती, पण त्या सकाळी अर्धी भाकरी खाल्ली, म्हणून मी पाण्याला निघालो. माझ्या थोरल्या भावाचा, मोहनरावांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "आसाराम, पाणी घेऊनच ये. लागंल."

मला कळलं. मी दुसरं टिपाडही भरलं आणि मग गाडी सुरू केली.

मी दिंद्रुडच्या जवळच्या एका खेड्यातला. गावच्या दूध सोसायटीत दूध मोजायचो. दुष्काळात लोकांनी जनावरं विकली, दोनशे लिटरचं दूध बारा लिटरवर आलं, आणि सोसायटीला कुलूप लागलं. घरची सात सीटची गाडी होती. तिच्या मागच्या सीटा काढून दोन टिपाडं बसवली, आणि पाणी आणणं हेच माझं काम झालं. विमल गेल्यावरही तेच.

पुढच्या उन्हाळ्यात पेंड आणायला सिरसाळ्याला गेलतो. गावाच्या अलीकडे डावा मागचा टायर फुटला. स्टेपनी लावली, तीही गुळगुळीत. टायरचं पहिलं दुकान दिसलं तिथं थांबलो. एक बाई ट्रकचं चाक उतरवत होती. चाळिशीच्या आसपासची, साडीवर पुरुषाचा शर्ट, कपाळ मोकळं. बाजेवर एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता. मी त्याला म्हणालो, "मालक, दोन टायर पाहिजेत."

"ते सासरे हायत माझे, बंकटमामा," बाई म्हणाली. "मालक मी हाय. मुक्ताबाई. बोला."

"दोन नवे टाका. डाव्या बाजूला. एक पुढं, एक मागं."

तिने पाना खाली ठेवला. "डाव्याच बाजूला कावून?"

"डावेच झिजलेत."

"अहो, एका पायात नवी चप्पल अन् एका पायात जुनी घालून चालता का तुमी?"

ती गाडीजवळ बसली. टायरवरून तळहात फिरवला. आमचा रस्ता एका गाडीचा. समोरून कुणी आलं की एकाला डावी चाकं खाली मुरमात घालावी लागतात.

"समोरून टँकर आला की दरवेळी तुमीच खाली उतरता ना?"

"उतरावं लागतं."

"समोरचा उतरत न्हाई?"

"मी वाट बघत न्हाई."

"वाटलंच मला." ती हसली. "टायर बघितला की माणूस कळतो."

"अजून काय कळलं?"

"मागं पाणी वाहता. हवा कमी ठेवता, दोन्ही कडा खाल्ल्यात. अन्... घरी रागवायला कुणी न्हाई."

तिने टायरवरचा हात काढला. मग म्हणाली, "माझं बी तसंच हाय. चार वर्षं झाली."

तिने चारही चाकं काढली. नवे दोन्ही मागे लावायला घेतले, जुन्यातले बरे दोन पुढे. मी म्हणालो, "लोक नवे पुढं टाकतात. स्टेअरिंग पुढं असतंय."

"लोकांचं सोडा. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक घसरलं तर हाताला कळतं. मागचं घसरलं की गाडीच फिरती. चांगले मागंच पाहिजेत."

"ओला रस्ता? बाई, दोन वर्षांत मी डांबर ओलं झालेलं बघितलं न्हाई."

"टायर चार वर्षं चालतो. तवर एकदा बी पडणार न्हाई का?"

"तुमाला वाटतं पडंल?"

"मी टायर विकते. मला वाटावंच लागतं."

मी हसलो. घरी पोचल्यावर लक्षात आलं, की मी हसलो होतो.

निघताना ती म्हणाली, "दहा हजार किलोमीटर झाले की या. झीज सारखी होतीय का बघते."

पाण्याच्या खेपांनी महिन्याला सहाशे किलोमीटर व्हायचे. म्हणजे दीड वर्ष. मग मी लोकांना न मागता गाडी द्यायला लागलो. कुणाला अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं, कुणाला पार कडा गावच्या साखर कारखान्यापर्यंत सोडलं. भावजय, चतुरावहिनी, एकदा म्हणाल्या, "भावजी, गाडी तुमी चालवता का तुमाला गाडी चालवती?" खरं तर थकलो होतो.

सात हजार चारशेला मी सिरसाळ्यात जाऊन उभा राहिलो. मुक्ताबाईने दार उघडून मीटर पाहिला.

"दहा सांगितले होते मी."

"हो."

"हवा गेली?"

"न्हाई."

"पंक्चर?"

"न्हाई."

"मग?"

"दहा व्हायला... लई दिवस लागले असते."

ती बराच वेळ चिंधीने हात पुसत राहिली. "मी टँकरवाल्यांना विचारायचे," ती हळूच म्हणाली, "दिंद्रुडकडची ती पांढरी गाडी दिसती का म्हणून."

"काय म्हणायचे?"

"म्हणायचे, दिसती की. रस्त्याखाली उतरून उभी असती."

आम्ही दोघंही हसलो. मग तिचा चेहरा बदलला.

"ऐका. आमच्यात पाट लागतो, विधवेनं बसून राहावं असं न्हाई. पण मागणी सासऱ्याकडं घालावी लागती. अन् मी मामांना टाकून कुठं येणार न्हाई. दुकान बी इथंच राहील."

"मग मी इकडं येतो."

"हे मला नका सांगू. त्यांना सांगा."

मी बाजेवर जाऊन बसलो. बंकटमामांनी चहा सांगितला.

"पाणी हाय का तुमच्याकडं?"

"टँकर येतो."

"चारा?"

"छावणी निघणार म्हणतात."

मी घसा साफ केला. तेवढ्यात ते दुकानाकडे पाहत म्हणाले, "माझा त्रिंबक लई झटपट टायर चढवायचा. तो गेल्यावर म्या मुक्ताला म्हणलो, बाई, माहेरी जा. तर म्हणली, मामा, तुमाला भाकर कोण देईल? अन् पाना उचलला."

मी चहा संपवला आणि उठलो. मुक्ताबाई गाडीपाशी थांबली होती. विचारणं जमलं नाही, अशी मी मान हलवली.

"होतंय असं," ती म्हणाली. "हवा बघून जा."

त्याला आता तीन आठवडे झाले. मधे दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा बंकटमामांशी पाण्याचंच बोललो. मी गेलो तर घरी पाणी कोण आणणार, हे मोहनरावांशी बोलायचं राहिलंय. बंकटमामांना विचारायचंही अजून राहिलंय.