कोरी जागा

मी व्हर्जिनिया वसाहतीतल्या आमच्या काउंटी कोर्टाचा कारकून. न्यायाधीश बोलतात, मी लिहितो, आणि लिहिलं की तेच खरं.

चाकरीच्या करारपत्राशिवाय जहाजातून उतरलेल्या पोरांचं वय कोर्ट नजरेनं ठरवायचं. चोविसावं पूर्ण होईपर्यंत त्यांनी मालकाकडे राबायचं. वय जितकं कमी, तितकी मालकाची चैन. आणि ठरवणारे चारही न्यायाधीश तंबाखूचे मळेवालेच. बोलणार कोण, डोंबल?

जूनच्या कोर्टात मेजर प्युअरफॉयनं चाकरीला घेतलेली ऑनर किओ नावाची आयरिश मुलगी उभी केली. त्याच्या खांद्याला लागत होती.

"सतरा पूर्ण," ती म्हणाली. "अक्कलदाढ आलीये, बघा हवं तर."

"दात घोड्याचे बघतात गं," मेजर म्हणाला. "अकरा लावा."

सगळे हसले. अकरा लागलं. मी लिहिलं.

ऑगस्टच्या कोर्टाला ती बाहेर मेजरचा घोडा धरून उभी होती. आता मेजरच्या कोपराला लागत होती. उन्हानं माझंच डोकं फिरलं असेल, म्हटलं.

ऑक्टोबरात तिचा गाल सुजलेला दिसला.

"दाढ दुखते का?" मी विचारलं.

"दुधाची आहे," ती म्हणाली. "हलतेय."

मार्चमध्ये तिनं कोर्टात अर्ज केला. आवाज पोरीचा, बोलणं बाईचं. "मी सतरा सांगितले, तुम्ही अकरा लिहिलेत. माझी सहा वर्षं परत द्या."

न्यायाधीश पोट धरून हसले. "अगं, आरशात बघ आधी."

"कारकूनसाहेबांना विचारा. त्यांनी मला पाहिलंय."

सगळे माझ्याकडे वळले. माझं घर मेजरच्या जमिनीवर.

"आठवत नाही," मी म्हणालो. आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

हुकूम झाला: जूनची नोंद खोड, आजच्या तारखेनं पुन्हा अकरा लिही.

मी जुनी ओळ खोडली. नवी लिहायला घेतली आणि आकड्यापाशी हात अडला. अकरा लिहवेना. खरं लिहायची छाती नव्हती. मग कारकून अडला की करतो तेच केलं. आकड्याची जागा कोरी सोडली, नंतर भरू म्हणून.

ऑनर टेबलाशी आली. तिला वाचता येत होतं.

"इथं काहीच नाही."

"लिहीन."

"कधी?"

मी शाई सुकवायला वाळू टाकून पुस्तक मिटलं.

एप्रिलच्या कोर्टात मेजर तणतणत आला. त्याच्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं.

"पळाली कार्टी. गेल्या कोर्टाच्या दुसऱ्याच सकाळी. हे ताक घुसळायच्या रवीपाशी पडलं होतं."

न्यायाधीशांनी पळालेल्या दिवसांच्या दुप्पट चाकरी तिच्या नावावर चढवली. मी लिहिली.

मग गाठोडं माझ्याकडे ठेवायला दिलं.

मी ते उलगडलं. एप्रनच्या आत झगा होता, झग्याच्या आत सदरा. मोजे बुटांतच होते.

एप्रनच्या नाड्यांची गाठ पाठीमागे तशीच बांधलेली होती.