कापूस गेला की खोली तुमची

दार उघडलं, आणि आत खोलीच दिसेना. होता तो सगळा कापूस. उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत पांढराशुभ्र ढीग, आणि त्याच्या पार पलीकडे, खिडकीपाशी, छातीपर्यंत रुतलेला एक तरुण माणूस.

“हे... हे पण भाड्यातच येतात का?” मी घरमालकिणीला विचारलं.

“ते मास्तर होय व, चित्रकलेचे. ते बी खोलीच पाहाले आले,” धनीबाई म्हणाल्या. “म्हटलं थांबा, तं थांबले नाही. घुसले आत.”

“खिडकी उघडते का, ते पाहून राह्यलो,” आतून आवाज आला. भुवईवर कापसाचा पुंजका, चेहरा गंभीर. “नाही उघडत. आणि आता मले बाहेरही येता येत नाही.”

मी हात पुढे केला. त्यानं आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे – आणि मग धरला. संघदीप त्याचं नाव, गाव बोरी अरब. दोघांनाही नंतर संध्याकाळपर्यंत खाज सुटली होती. कापसाची, असं तेव्हा वाटलं.

त्या वर्षी पुसदात भाड्याच्या निम्म्या खोल्या अशाच. भाव पडलेला, आज ना उद्या चढेल म्हणून लोकांनी कापूस घरात अडवून धरलेला. कापूस खोलीत, माणसं ओसरीत. विचारलं की एकच उत्तर – भाव आला की कापूस जाते, कापूस गेला की खोली तुमची. संध्याकाळी रेडिओवर बाजारभाव लागले की अख्खी गल्ली गप्प व्हायची. मग कोणीतरी उगाच खाकरायचं, आणि लोक उद्याची वाट पाहायला लागायचे.

मला तेवढी वाट पाहता येत नव्हती. डोळ्यांच्या दवाखान्यात मला नुकतीच नोकरी लागलेली. आमचा तांडा महागावच्या पुढे. शेवटची गाडी कधी यायची, कधी यायचीच नाही. बा फाट्यावर अंधारात उभे असायचे. शेवटी म्हणाले, “रविवारी येतो पुसदले. तुही खोली पाहतो. मले पटली तं राह्य, नाही तं नोकरी सोड अन् घरी चाल.”

रविवार जवळ येत होता.

“आपण दोघं मिळून पाहू ना,” संघदीप म्हणाला. “एक खोली तुमाले, एक मले. तुम्ही काय पाहता खोलीत?”

“कडी. आतून लागते का, अन् लागली तर टिकते का. तुम्ही?”

“भिंत.” तो तळहात भिंतीला टेकवून उभा राहायचा, ताप पाहिल्यासारखा. “रंग फक्त कमरेपर्यंतच नवा असला ना, की समजायचं... खाली ओल हाये.”

दवाखाना आणि शाळा सुटली की आम्ही गल्ल्या तुडवायचो. घरमालकाला मी फारसं विचारायची नाही. आपल्याच खोलीबद्दल खरं बोलणारा घरमालक मला अजून भेटायचाय. मी नळावरच्या बायकांत जाऊन बसायची. पाणी कोणत्या दिवशी येतं, कोणता मालक खिडकीतून डोकावतो, संडासाची रांग कुठवर जाते – सगळं तिथे कळायचं. तो लांब उभा राहून हसायचा.

“काहून हसता?”

“कुठं हसलो? खोली पाहून राह्यलो.”

“खोली मागं हाये तुमच्या.”

“...हो का.”

बस स्टँडमागे अखेर एक घर सापडलं. खालची खोली, वरची खोली, दोन्ही मोकळ्या, कापसाचं बोंडसुद्धा नाही. मालकांनी खालची किल्ली माझ्या हातावर ठेवली. “ताई, खालची तुमाले. वरची या सरले.” माझ्या छातीवरचा दगड उतरला. मग त्यांनी संघदीपला पूर्ण नाव विचारलं. त्यानं सांगितलं, आडनावासकट, बापाच्या धम्मरत्न या नावासकट. मालकांचा किल्लीवाला हात हळूच मागे गेला.

“अरे हो... वरची तं कालच गेली.”

बाहेर आल्यावर संघदीप हसला. “माही खोली नेहमी कालच जाते.”

मला हसू येईना. हातात किल्ली होती. ती उन्हात ठेवल्यासारखी भाजत होती. बा, फाटा, शेवटची गाडी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी मागे वळले आणि किल्ली मालकांच्या ओट्यावर ठेवून आले.

“काहून?” तो थबकला. “तुमाले तं दिली होती त्यानं.”

“भिंतीले ओल होती.”

“नव्हती. मी हात लावून पाह्यला.”

“मले दिसली,” मी म्हटलं आणि भराभर चालू लागले. तो मागून येत राहिला.

आता उरली धनीबाईची ती कापसाची खोली. मी गेले आणि तिथेच ओट्यावर बसून रडले. धनीबाईंनी हनुवटी वर केली. “कुणसे तांडेर छी, छोरी?” आमची बंजारा बोली परक्या दारात ऐकली, तर अजूनच रडू आलं. तांड्याचं नाव सांगितलं.

“बोऱ्यात तुडवून भरला असता तं अर्धी खोली निघते,” त्या कापसाकडे पाहत म्हणाल्या. “पण बोऱ्यात भरला की इकून टाकाचं मन होते, म्हणून मी सुटाच ठेवते.” मूठभर कापूस उचलून त्यांनी परत ढिगावर टाकला. मग म्हणाल्या, “भरू. नाही इकत, माह्या मनावर माहा ताबा हाये. पण मास्तराले सांग, खोली एकाचीच.”

मी सांगितलं तेव्हा संघदीप फक्त “बरं झालं” म्हणाला. रविवारी सकाळी बा पोचले, तर हा माणूसभर उंच पोत्यात गळ्यापर्यंत उतरून कापूस तुडवत होता.

“हे कोण?” बांनी विचारलं.

“खोली पाहणारा,” धनीबाई म्हणाल्या.

“ह्याले भेटली नाही?”

“नाही.”

“अन् तरी तुडवते?” बा म्हणाले. मी झाडू शोधायला लागले.

दुपारपर्यंत बोरे भिंतीला लागले, फरशी दिसली. बांनी कडी ओढून पाहिली, नळाखाली हात धरला. मग खोलीच्या मधोमध उभे राहिले. “अडीनडीले हाक मारली तं कोणाले ऐकू जाते?”

“मले कमी ऐकू येते बाप्पा,” धनीबाई खरं बोलून गेल्या.

बांचा चेहरा बदलला. मला तो चेहरा माहीत होता. त्यानंतर बॅग भरायची असते.

“मास्तर, जरा रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहा,” बा म्हणाले. दार लावलं, कडी घातली. “हं पोरी. मार हाक.”

“काय म्हणून मारू?”

“माणसाले नाव असते ना.”

“सर...” मी म्हटलं. भिंतीशी थप्पी लागलेल्या कापसानं आवाज गिळून टाकला. बाहेर काहीच हललं नाही.

“हे तं मलेही ऐकू नाही आलं,” बा म्हणाले. “अशानं नाही जमत.” आणि कडीकडे हात नेला.

“संघदीप!”

त्याचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. कुठून आला तो आवाज, देव जाणे. फाटक आदळलं, पावलं धावली, दारावर असा धक्का बसला की कडी थरथरली. बांनी दार उघडलं. तो उभा – एका पायात चप्पल, तोंडाचं पाणी पळालेलं.

“काय झालं? राखी, काय झालं तुले?”

मग त्याला बा दिसले. “आवाज... येते,” तो पुटपुटला.

बांनी त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते आणि माझे कान तापले होते.

“हो. येते,” बा म्हणाले. बस, एवढंच. पटली की नाही, काही नाही. पिशवी उचलली. “चाला मास्तर, गाडीपर्यंत.”

ते गेले. मी फरशी पुसली, परत पुसली. आडनाव विचारतील. विचारतीलच. मग? शेजारी रेडिओवर भाव लागले, गल्ली गप्प झाली, आणि त्या शांततेत तो एकटाच परत आला.

“काय म्हणाले बा?”

“चहा पाजला. घरचं सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यायनं.”

“मग?”

“गाडीत चढताना म्हणाले... मास्तर, आमची पोरगी उगाच हाक नाही मारत.” तो उंबऱ्याशी थांबला, आत आला नाही. “उगाच मारली होती का?”

मी कडीशी चाळा करत राहिले. “...नाही.”

“मग मले खोली इथंच जवळ पाहा लागते. बाकी कशीही चालंल. तुही हाक ऐकू आली पाह्यजे.”

बा होय म्हणाले नव्हते. नाहीही म्हणाले नव्हते. पुढच्या रविवारी तांड्यावर गेल्यावर काय होईल, माहीत नव्हतं, तरी तोंडातून निघून गेलं, “पलीकडच्या घरी हाये एक. धनीबाईच्या नात्यातल्या खेमसिंगभाऊची. पण तिच्यातही कापूस हाये... छतापर्यंत.”

“असू दे,” तो म्हणाला. “तुडवू.”